मरिन टाकीत पीयू फोमची खडकाची भिंत: कोणी केली आहे का?

डोंबिवलीचा_क्लाउन

नमस्कार मंडळी. गोड्या पाण्याच्या टाक्या आठ वर्षं सांभाळल्यात, खाऱ्या पाण्याची ही पहिलीच. टाकी ४ × १.५ × १.५ फूट, काच १० मिमी, मागच्या डाव्या कोपऱ्यात ओव्हरफ्लोचा खोका, खाली सम्प, म्हणजे फिल्टरची दुसरी टाकी. अजून पाणी भरलेलं नाही. मासे म्हणजे दोन क्लाउन आणि पुढेमागे एखादी गोबी, एवढीच हाव आहे.

लाइव्ह रॉकचा, म्हणजे समुद्रातून काढलेल्या जिवंत खडकाचा, विचार सोडून दिलाय. दोन दुकानांत हळू आवाजात "मागवून देतो" म्हणाले, पावतीचं विचारलं की दोघेही दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांचे तुकडे चिकटलेला दगड घरात ठेवून मला झोप लागायची नाही. मग व्हिडिओ बघताबघता फोमच्या भिंतीवर आलो. हार्डवेअरच्या दुकानात खिडकीच्या चौकटीभोवती मारायचा पीयू फोम मिळतो, तो ७५० मिलीचा. तीन डबे आणून ठेवलेत. दुकानदार म्हणतो, "सुकला की बिनधास्त, काही होत नाही." पण तो टाइल्स विकतो, मासे नाही.

कापाकापीची भीती नाही. २०१८ ला बंदी येईपर्यंत आमच्याकडे दरवर्षी थर्माकोलचं मखर व्हायचं आणि ते मीच कापायचो. तापलेल्या तारेचं कटर अजून माळ्यावर आहे. आईने डबे बघितले आणि म्हणाली, "गणपती बसवतोयस का माशांचा?"

तर फोम थेट मागच्या काचेवर मारू का? वरून सिमेंट लावू की एपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर कालवून लावतात ते)? अख्खी मागची बाजू, सरासरी ६ सेंमी जाड, असं मनात आहे. आणि सगळं झाल्यावर किती दिवसांनी मासे सोडता येतील? पाऊस चालू व्हायच्या आत उरकायचं आहे.

---

ठाणे_वेस्ट_रीफ

तीन डबे पुरणार नाहीत, आणि पुरले तर पस्तावाल. एवढंच सांगून खाली बसतो. फिटरभाऊ येतीलच, त्यांची पाट्याची गोष्ट ऐका.

---

मिरकरवाड्याचा_फिटर

आलो.

डोंबिवलीकर, सगळ्यात आधी ते तारेचं कटर परत माळ्यावर ठेवा. थर्माकोल तारेने वितळतो. पीयू वितळत नाही, जळतो, आणि जळताना जो धूर निघतो त्यात हायड्रोजन सायनाइडही असतो. मखराचा हात कामाला येईल, पण हत्यार बदलायचं. पाव कापायची दातेरी सुरी, हॅकसॉचं मोकळं पातं आणि तारेचा ब्रश, बस्स.

मी मासे पाळणारा नंतरचा, आधी फोमवाला. रत्नागिरीत मासळीच्या कंपन्यांची कोल्ड स्टोरेजं, बर्फाच्या फॅक्टऱ्या, इन्सुलेटेड गाड्या यांची कामं करतो. आमच्यात ह्याला पफ म्हणतात. पफची पॅनेलं उभी करायची आणि सांध्यात फोम मारायचा, ह्यात वीस वर्षं गेली. तेव्हा मला वाटायचं की फोमबद्दल मला कोण काय शिकवणार! पहिल्या लॉकडाउनात साइट बंद, घरात उरलेले डबे, आणि तीन फुटी टाकी रिकामी. तुम्ही विचारताय तेच केलं, थेट काचेवर मारला. दोन दिवस कोरला, रंगवला, वाळू लावली. दिसायला इतकी झकास झाली की शेजारचे बघायला आले. पाणी भरलं. पाच दिवस काही नाही. सहाव्या रात्री दीडच्या सुमाराला टक्क असा आवाज आला. बायको म्हणाली, मांजर असेल. उठून बघतो तर भिंत काच सोडून चार बोटं वर आलेली, वरच्या आडव्या काचपट्टीखाली अडकलेली, आणि पट्टीला उभा तडा.

खाली दाबून बघितली, हलेना. मग स्वयंपाकघरातला दगडी पाटा आणून भिंतीच्या डोक्यावर ठेवला. आठ-नऊ किलोचा पाटा असेल. भिंत त्याच्यासकट तशीच उभी. अर्धी टाकी बादल्यांनी उपसली तेव्हा कुठे ती खाली बसली. पाटा घासून परत द्यायला लागला तो वेगळाच.

पाच दिवस का गप्प बसली, हे मला नंतर कळलं. काच आणि फोमच्या मध्ये जोवर पाणी नाही तोवर समोरचं पाणी भिंतीला काचेकडेच रेटत असतं. एकदा बुडाखाली पाणी शिरलं की ते खालून उचलायला लागतं. फोम काचेला चिकटतो हे खरं, हाताने ओढून निघत नाही. पण काच गुळगुळीत, धरायला तिथे काही नाही. कडेला ब्लेड घातलं की अख्खा पापुद्रा सुटून येतो. पाणी तेच करतं, फक्त सावकाश.

आता तुमचा हिशोब मांडू. १२२ सेंमी लांब, पाण्याची उंची ४२ धरू, जाडी ६. म्हणजे तीस लिटरच्या वर फोम पाण्याखाली. समुद्राचं पाणी लिटरला एक किलो पंचवीस ग्रॅम भरतं, आणि हा फोम लिटरला पंचवीस-तीस ग्रॅम. म्हणजे जवळपास तीस किलोचा जोर वरच्या दिशेने, रात्रंदिवस, टाकी आहे तोवर. सिमेंटच्या अर्ध्या पोत्याहून जास्त. ह्याला मी खडक म्हणत नाही, हा होडीचा तराफा आहे आणि तुम्ही तो पाण्याखाली बांधून ठेवताय. बाकी सगळं काम ह्याच हिशोबाने करायचं.

"वरून दगड ठेवू" म्हणाल, तर दगडही पाण्यात हलका होतो. वीस किलोचा चुनखडीचा दगड पाण्यात बारा किलोच भरतो. तीस किलो दाबायला पन्नास किलो दगड लागेल, मग फोम कशाला केला?

दुसऱ्या वेळेला मी असं केलं, आणि ही भिंत अजून जागची हललेली नाही.

फॉल्स सीलिंगवाल्यांकडे ट्यूबलाइटखाली लावायची पांढरी प्लास्टिकची चौकोनी जाळी मिळते. आपल्यातले लोक तिला एग-क्रेट म्हणतात. ती मागच्या काचेच्या मापाची कापली. काच अॅसिटोनने पुसली, बोट लागू दिलं नाही. मग काचेचं साधं सिलिकॉन, लावताना व्हिनेगरसारखा वास येतो ते. बाथरूमचं बुरशी न येणारं घेऊ नका, त्यात बुरशी मारायचं औषध असतं आणि ते पाण्यात उतरतं. सिलिकॉन उभ्या रेघांत लावायचं, गोल वेटोळं घालायचं नाही. सिलिकॉन बाहेरून आत सुकत जातं, त्याला हवा लागते. वेटोळ्याच्या पोटातलं महिनाभर ओलंच राहतं. जाळी दाबली की सिलिकॉन चौकटीतून वर येतं आणि तिला खिळ्यासारखं धरतं. पाच दिवस हात लावला नाही.

मग टाकी जुन्या गादीवर पाठीवर निजवली. हे विसरू नका, उभ्या काचेवर मारलेला फोम घसरतो. ओव्हरफ्लोचे आणि परतीचे पाइप प्लास्टिकच्या पिशवीने गुंडाळले. पॉलिथिनला फोम धरत नाही, त्यामुळे पुढे पाइप काढायची वेळ आली तर भिंत फोडावी लागत नाही. डबा अर्धा मिनिट हलवायचा, उलटा धरायचा, आणि केळ्याएवढ्या जाड वळ्या सोडायच्या. एका थरात तीन सेंमीच्या वर नको. हा फोम हवेतल्या दमटपणावर घट्ट होतो. जाड लोळा सोडला की बाहेरून कडक आणि आतून चार दिवसांनी चिकट, आणि कापायला गेलात की तो परत फुगतो. दोन थरांच्या मध्ये इस्त्रीच्या कपड्यांवर मारतो तसा पाण्याचा हलका फवारा मारा.

भिंत खाली इंग्रजी एल सारखी पुढे वळवली, एक वीत. त्या पायावर नऊ किलो सुका दगड आणि वाळू. वर उचलायचं म्हटलं तर आधी तो पाया उचलावा लागेल.

हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा, घरात गॅस किंवा समई पेटती नको. डब्यात जो वायू असतो तो पेट घेतो. हाताला लागलेला ओला फोम अॅसिटोनने निघतो, सुकलेला कशानेच नाही, कातडीबरोबरच जातो. आणि घरात कोणाला दमा असेल तर त्या दिवशी त्यांना मामाकडे पाठवा. आमच्या लायनीतल्या एका मुलाला ह्याच वासाने दमा लागला, आता तो पॅनेल उचलतो पण फोमच्या डब्याला हात लावत नाही.

कोरण्याबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण तिथेच सगळे फसतात. फोम फुगला की लोकांना वाटतं झाला खडक. तो भजीसारखा दिसतो, आणि वर रंग मारला तर रंगवलेल्या भजीसारखा. वरची चकचकीत साल सगळीकडून सोलून काढा. एक तर दिसायला, दुसरं म्हणजे एपॉक्सीला पकड आतल्या उघड्या भोकांत मिळते, सालीवर नाही. आणि कोरायच्या आधी एकदा ओहोटीला खडपात जाऊन या. तुम्हाला लांब पडेल, पण मी मांडवीला तीन-चार वेळा नुसता बसून बघत होतो. खडक बाहेर फुगलेला नसतो, तो आतून खाल्लेला असतो. वर कपार पुढे आलेली, तिच्याखाली काळोख. पाणी खालून खातं, वरून नाही. म्हणून कपारीच्या खालचं काढा, वरचं राहू द्या. माशालाही तीच काळोखी जागा लागते.

मागे पोकळी मात्र ठेवू नका. भिंतीमागे पाणी साचलं की तिथे विष्ठा कुजते, आणि घाबरलेला मासा नेमका तिथेच घुसतो. परत यायची वाट त्याला सापडत नाही.

आता जे मला कोणी सांगितलं नव्हतं ते. लाइव्ह रॉक फक्त शोभेला नसतो. त्याच्या भोकाभोकांत जिवाणू असतात, ते अमोनिया खातात. ह्या फोमची भोकं बंद असतात, आणि वरून एपॉक्सी लावलं की उरलीसुरलीही बुजतात. म्हणजे तुमची भिंत दिसेल खडकासारखी आणि काम करेल प्लास्टिकच्या बादलीइतकं. सम्पमध्ये भोकाळ सिरॅमिक किंवा सुका दगड भरपूर भरा. टाकी सायकल व्हायला, म्हणजे हे जिवाणू पुरेसे जमायला, चार ते सहा आठवडे धरा, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय क्लाउन नाही.

जाता जाता, कोणीतरी विचारणारच म्हणून: जांभा टाकू नका. भोकं बघून मलाही मोह झाला होता. आपल्या दारातलाच चिरा, फुकट. पंधरा दिवस टाकीत रश्श्याचा रंग होता.

एपॉक्सीचं मला पोटापुरतंच कळतं. पुण्याच्या ताई आहेत, त्या सांगतील.

---

रेझिनवाली_पुणे

हजर. मी फॅक्टऱ्यांच्या फरशांना एपॉक्सी कोटिंग करून घेण्याचं काम करते, मासे माझ्या मुलाचे.

सिमेंट की एपॉक्सी, तर फोमवर सिमेंट नको. फोम किंचित दबतो, सिमेंट दबत नाही, बारीक चिरा पडतात आणि पापुद्रे निघतात. शिवाय ताज्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो आणि पीएच चढतो. पाणी बदलत बदलत सहा आठवडे भिजवायची तयारी असेल तरच त्या वाटेला जा.

एपॉक्सी घेताना विनासॉल्व्हंट, पिण्याच्या पाण्याच्या टाकीला चालेल अशा दर्जाचं घ्या. पातळ करायला थिनर अजिबात घालायचा नाही. आणि प्रमाण वजनकाट्यावर. "अंदाजे एकास अर्धा" म्हणणारा माणूस माझ्या साइटवर दुसऱ्या दिवशी नसतो. हार्डनर जास्त पडला तर तो जोडला न जाता तसाच राहतो आणि पुढे पाण्यात उतरतो. माशांना घातक आहे ते एपॉक्सी नाही, हे उरलेलं हार्डनर.

एका वेळी १०० ग्रॅमच कालवा, आणि ग्लासात नाही, पसरट ताटलीत. मे महिन्यात डोंबिवलीच्या उकाड्यात पाव किलो एपॉक्सी ग्लासात ठेवलंत तर ते स्वतःच्याच उष्णतेने तापत जाईल, धूर येईल, ग्लास वाकेल. घाबरायचं नाही, बाहेर नेऊन ठेवायचं. पण पैसे गेले.

पहिला हात ब्रशने भोकात मुरवून द्या. तो चिकट असतानाच दुसरा हात, आणि लगेच वाळू दाबायची. मुठीने फेकून भागत नाही, तळहाताने दाबा. वाळू अॅरागोनाइटची, म्हणजे चुन्याची, मत्स्यालयाच्या दुकानातली. किनाऱ्यावरची आणू नका, आपल्याकडच्या वाळूत लोहाचे काळे कण असतात. चुंबक फिरवून बघा, दाढी येते त्याला. स्वस्तात हवं असेल तर कोंबडीखाद्याच्या दुकानात शिंपल्यांचा चुरा मिळतो. आठ-दहा पाण्यांनी धुऊन, वाळवून, जाडा-बारीक चाळून घ्या. एकाच जाडीचा लावलात तर भिंत नाही, सॅंडपेपर दिसेल.

पाऊस सुरू झाल्यावर केलंत तर दुसऱ्या दिवशी पृष्ठभागावर मेणचट, तेलकट थर येईल. हार्डनर हवेतल्या बाष्पाशी आणि कार्बन डायऑक्साइडशी लागतो, त्याचं ते आहे. बिघडलेलं नाही. कोमट पाण्याने आणि घासणीने निघतं, पण ते न काढता दुसरा हात दिला तर तो धरणार नाही. पूर्ण घट्ट व्हायला सात दिवस द्या.

आता न विचारलेलं मत. अख्खी भिंत करूच नका. २५० लिटरच्या टाकीतले तीस लिटर भिंतीला देण्यात काय शहाणपण आहे? ओव्हरफ्लो झाकण्यापुरता डावा भाग करा, त्याला दोन कपारी काढा आणि मागची उरलेली काच काळी रंगवा, बाहेरून. मोकळं काळं पाणी खडकापेक्षा खोल दिसतं. फिटरभाऊंना हे पटणार नाही.

---

मिरकरवाड्याचा_फिटर

अर्धी करायला हरकत नाही, पण कडेला भिंत संपते कुठे ते दिसू देऊ नका. नाहीतर सोफ्याचा हात वाटतो. बाकी ताईंशी भांडत नाही, त्यांचा वजनकाटा मी बघितलाय.

---

मस्कतचा_मालवणी

माझी भिंत चार वर्षांची आहे. इकडे तलाव आणि कारंज्यांसाठी काळा फोम मिळतो, तो वापरला. फायदा एवढाच की कुठे खरचटलं तर खालून पिवळं दिसत नाही, काळं दिसतं. आणि खरचटणार आहे. खोटां नाय सांगत, माझ्याकडे लांब काट्यांचा एक समुद्री साळिंदर (सी अर्चिन) होता, शेवाळ खायला आणला होता. त्याने शेवाळ खाल्लं, कोरलाइन नावाचं गुलाबी कडक शेवाळ खाल्लं, आणि मग शिंपल्याची वाळू खरवडून फोमपर्यंत पोचला. फोमचे दाणे स्किमरच्या (फेसाबरोबर घाण काढणाऱ्या यंत्राच्या) कपात आले तेव्हा कळलं. तो आता मित्राकडे आहे. ट्रिगर आणि पॅरटफिशचा तर विचारही नको, त्यांचे दात दगड फोडायचे आहेत.

फोमचा एक तुकडा बाल्कनीत उन्हात पडून होता. सहा महिन्यांत तपकिरी होऊन चुरा झाला. पाण्यातला जशाच्या तसा आहे. म्हणजे ऊन लागणाऱ्या खिडकीसमोर टाकी ठेवत असाल तर एपॉक्सीत कंजूषी नको.

---

डोंबिवलीचा_क्लाउन

दोन महिन्यांनी परत आलोय, म्हणून आधी सगळ्यांचे आभार.

कटर माळ्यावर गेलं. फिटरभाऊंचा हिशोब वाचून पटला नव्हता, म्हणून फोमचा विटेएवढा तुकडा केला आणि माशांच्या ताणकाट्याचा हूक खालून दोरीने अडकवून बादलीत खेचून बघितला. काट्यावर पावणेदोन किलो. एवढ्याशा तुकड्याला. त्याच दिवशी अख्ख्या भिंतीचा नाद सोडला. डावीकडची साठ टक्के केली, सरासरी साडेतीन सेंमी, कपारीशी जाड. जाळी, रेघांतलं सिलिकॉन, खाली वळवलेला पाया, सगळं सांगितलं तसं. तीन डब्यांतला एक उरला. ठाणेकर, बघताय ना?

कोरायला सहा संध्याकाळी लागल्या. पहिल्या तीन मी मखरच कोरत होतो, दोन्ही बाजू सारख्या, मध्ये कमान. आईनेच थांबवलं. म्हणाली, "समुद्रात कमानी कोणी बांधल्या?" मग उजवी बाजू तोडून टाकली आणि खालून खात गेलो. व्हॅक्यूम क्लीनर सारखा चालू ठेवला, तरी तो पिवळा भुसा आठवडाभर चपात्यांच्या डब्यावर सापडत होता.

एपॉक्सीला उशीर झाला आणि जूनचा पहिला पाऊस गाठ पडलाच. ताई, तुमचा तो मेणचट थर आला. वाचलेलं नसतं तर सगळं तासून काढलं असतं. कोमट पाणी, घासणी, एक दिवस पंखा, मग दुसरा हात. शिंपल्यांचा चुरा जाडा-बारीक मिसळून लावला, वासासाठी मात्र दहा नाही, पंधरा पाणी लागली.

दहा दिवस साध्या पाण्याने भरून ठेवली, दर दोन दिवसांनी पाणी काढलं. मग सॉल्ट मिक्स. खारं पाणी भरल्यावर पहिले तीन दिवस स्किमर वेड्यासारखा उतू जात होता, कप धुऊन हात दुखले, आता शांत आहे. बुडाशी मार्करने काचेवर रेघ मारून ठेवली आहे. भिंत रेघेवरच आहे. रोज सकाळी चहाच्या आधी बघतो.

अमोनिया आठ दिवसांपूर्वी शून्यावर आला, नायट्राइट अजून थोडं दाखवतंय. क्लाउन दुकानातच आहेत, पैसे देऊन ठेवलेत.

आता एक नवीन. तीन दिवसांपासून भिंतीवर तपकिरी भुकटीसारखा थर येतोय, फक्त दिवे लागतात त्या बाजूला. बोटाने पुसला जातो. फोममधून काही सुटतंय का?

---

मिरकरवाड्याचा_फिटर

नाही हो. फोममधून सुटलं असतं तर दिव्याकडे बघून सुटलं नसतं. हे डायटम, म्हणजे सूक्ष्म तपकिरी शेवाळ आहे, नवीन टाकीला येतंच, आरओचं पाणी असलं तरी. पाण्यातली सिलिका संपली की दोन-तीन आठवड्यांत जाईल. ब्रशने घासू नका, वाळू निघेल. वेव्हमेकरचा (लाटा करणाऱ्या पंपाचा) रोख जरा खाली, पायाच्या कोपऱ्याकडे वळवा, तिथे कचरा बसतो ते फोटोत दिसतंय. नायट्राइट शून्य झालं की आधी चार-पाच शंखगोगलगायी सोडा, मासे त्यानंतर आठवड्याने.

रेघ सहा महिने बघत राहा. आणि उरलेला डबा विकत असाल तर कळवा, एकदा नोझल वापरलं नसेल तर.

---

डोंबिवलीचा_क्लाउन

डबा आईने घेतला. खिडकीच्या चौकटीला मारायचाय म्हणे, पाणी येतं तिथून.